गौराबाईची तक्रारपेटी

थंडीच्या दिवसांत जांभूळटेपला सूर्य सावकाश येतो. राजमाचीच्या डोंगराआडून डोकं वर काढायलाच त्याला साडेसात होतात. तोवर उल्हास नदीवरचं धुकं वालाच्या शेतांतून सरपटत सरपटत टेपावर, म्हणजे गावाच्या मधल्या उंचवट्यावर, येऊन बसतं. चौऱ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते सरकारी दवाखान्याच्या ओटीवर असं काही बसलं होतं, की गौराबाईला कुलपाचं भोक सापडेना.

"सरक की मेल्या," ती धुक्याला म्हणाली आणि चाचपून कुलूप काढलं.

मग रोजची कामं. ओटी झाडली. विहिरीवरून दोन हंडे आणले. स्टो पेटवला आणि पातेल्यात काचेच्या पिचकाऱ्या नि सुया उकळत घातल्या. सुया वीस मिनिटं उकळायच्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गौराबाईकडं घड्याळ नव्हतं, पण कर्जतहून मागं जादा इंजिन लावून घाटाला लागणारी मालगाडी होती. तिची घरघर सुरू झाली की पातेलं चढवायचं आणि बोगद्यात शिरून ती गप झाली की उतरवायचं. गाडी लेट असली की त्या दिवशी पेशंटही लेट बरे व्हायचे.

सुया उकळेस्तोवर तिनं ओटीवरच्या भिंतीला ठोकलेली लाल पेटी दोनदा पुसली. आज अलिबागहून आरोग्य खात्याचे साहेब येणार होते, पेटी उघडायला. पेटी गच्च भरली होती. इतकी, की शेवटच्या चार चिठ्ठ्या तिनं उलथण्यानं आत दाबल्या होत्या.

"आपला दवाखाना जिल्ह्यात पयला येनार बग," आदल्या दिवशी तिनं नवऱ्याला, चांगोला, सांगितलं होतं. चांगो भिवपुरीच्या वीजघराच्या वसाहतीत झाडांना पाणी घालायचा. दिवसभर झाडांशीच संबंध, त्यामुळं बोलणं कमी. तो म्हणाला, "हूं."

गौराबाईचं माहेर भिसेगावचं, शिक्षण चौथी पास. बासष्ट साली जांभूळटेपला दवाखाना झाला, तेव्हा पहिल्या डॉक्टरनं गावातल्या बायांना ओळीनं उभं केलं आणि एक बाटली पुढं धरून म्हणाला, जिला हे वाचता येईल तिला नोकरी. गौराबाईनं बोट फिरवत फिरवत वाचलं, "फक्त बाहेरून लावण्यासाठी." मग विचारलं, "बाहेरून म्हंजे, दवाखान्याच्या बाहेरून का?"

वाचणारी ती एकटीच निघाली, म्हणून नोकरी तिला मिळाली. प्रश्नाचं उत्तर मात्र डॉक्टरनं दिलं नाही. तो डासांना कंटाळून तीन महिन्यांत गेला. दुसरा सतरा दिवस टिकला. तिसरा फक्त रुजू झाला. त्याला गावात कुणी पाहिला नाही, हजेरीवर सही तेवढी पाहिली. मग दहा वर्षं दवाखान्याला डॉक्टरच नव्हता. गौराबाई रोज कुलूप काढायची, झाडायची, खोकल्याला गुलाबी औषध आणि खरचटल्याला लाल औषध द्यायची आणि कुलूप लावायची.

त्या दहा वर्षांतली एक सकाळ तिच्या मनातून जात नव्हती. शेजारची चिमा आपलं पोर पोटाशी धरून धावत आली होती. पोराचा घसा सुजलेला, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. गौराबाई दारात उभी होती, हातात किल्ली, आणि आत फक्त गुलाबी औषध. चौघांनी पोराला डोली करून कर्जतला पोचवलं. पोर वाचलं, आता शेळ्या हाकतं. पण त्या दिवसापासून गौराबाईला एकच गोष्ट हवी होती. दवाखान्यात डॉक्टर पाहिजे, आणि तो पळता कामा नये.

म्हणून दीड वर्षापूर्वी मिरजेहून डॉक्टर खासनीस आले, तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी त्यांची मच्छरदाणी चारी कोपऱ्यांनी शिवून टाकली. आत शिरायचं कुठून, एवढाच प्रश्न राहिला. डॉक्टर तरुण, किडकिडीत, कळवळ्याचे. बोलायचे मात्र छापील पुस्तकासारखं. "आपली तक्रार काय?" असं प्रत्येकाला विचारायचे. म्हातारी माणसं घाबरायची. "नाय बा, तक्रार कसली, तुमी चांगले हाव." मग गौराबाई दारातून ओरडायची, "अगं, काय दुकतंय ते इचारतायत!" दीड वर्ष ज्या त्या पेशंटमागं ती हेच ओरडत होती. आणि पुढचं सगळं याच्यातूनच झालं.

दसऱ्याच्या सुमाराला वरून एक कागद आला. दवाखान्यात 'रुग्णांचे हक्क व कर्तव्ये' असा बोर्ड लावावा आणि शेजारी एक पेटी. डॉक्टरांना भारी आनंद झाला. स्वतः बसून त्यांनी सुबक अक्षरात बोर्ड रंगवला. गावाला तो वाचून दाखवायचं काम अर्थातच गौराबाईचं. ओटीवर माणसं जमली. पुढच्या बाकावर कोंडाजीआबा. हा गावातला कायदेपंडित. बांधाच्या वादापायी वीस वर्षं कर्जतच्या मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवलेला माणूस.

"हक्क?" कोंडाजीनं पहिल्याच शब्दाला हात वर केला. "दवाखान्यात आमचा हक्क? किती गुंठ्यांचा?"

"गुंठ्यांचा न्हवं, आबा. पेशंटचा हक्क."

"मंग सातबाऱ्यावर कुटं चडलाय? बरं, मी पेशंट हाय का नाय? हाय. ह्या बाकावर किती वरसं बसतो? बारा. म्हंजे हे कडंचं टोक आमच्या वहिवाटीचं." असं म्हणून त्यानं खडूनं बाकावर रेघ मारली. त्या दिवसापासून बाकाचं ते टोक कोंडाजीचं झालं.

गौराबाई पुढं वाचू लागली. बोर्डावरचं एक वाक्य वाचायचं आणि लगेच आपल्या बोलीत उलगडून सांगायचं.

"रुग्णास आपल्या आजाराची माहिती मिळण्याचा हक्क आहे. म्हंजे काय झालंय ते डाक्टरला इचारायचं. त्यांनी सांगायलाच पायजे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवली जाईल. म्हंजे एकाचं दुकनं दुसऱ्याला सांगायचं नाय. उद्यापासनं मला कुनी इचारू नका, बायजाला काय झालंय म्हनून. मी सांगनार नाय." ती थांबली. "पोटाचंच हाय, पन सांगनार नाय."

"अगं गौरे!" बायजा मागून किंचाळली.

"म्हनून तर म्हनते, उद्यापासनं. रुग्णाने औषधासाठी बाटली स्वच्छ धुवून आणावी. हे काय उलगडायचं? बाटली धुवा. आनि शेवटचं. रुग्णाने आपली तक्रार निःसंकोचपणे लेखी स्वरूपात पेटीत टाकावी."

इथं गौराबाई अडली नाही, हेच चुकलं. तक्रार म्हणजे काय ते तिला दीड वर्षात पाठ झालं होतं.

"म्हंजे काय दुकतंखुपतं ते लिवायचं आनि लाजायचं नाय, पेटीत टाकायचं."

"आधी अर्ज, मंग काम," कोंडाजीनं मान डोलावली. "कचेरीत पन तसंच असतं. अर्जाबिगर कोन बगतो?"

झालं. गावाला पटलं. लिहिता कुणाला येत नव्हतं, म्हणून लिहायचं काम गौराबाईकडंच आलं. रोज सकाळी ओटीवर बसून ती एकेकाच्या तोंडाशी कान लावून दुखणं ऐकायची आणि चिठ्ठीवर उतरवायची. नाव घालायचं नाही, कारण माहिती गुप्त. चिठ्ठी पेटीत पडली की पेशंट आत जायचा, डॉक्टरांना तोंडी सगळं सांगायचा, औषध घ्यायचा, बरा व्हायचा.

आत डॉक्टर खासनीस मात्र खंगत चालले. त्यांच्या खुर्चीवरून खिडकीतून पेटी सरळ दिसायची. प्रत्येक माणूस आत यायच्या आधीच तक्रार टाकून येतोय! अजून तपासलंही नाही, आणि तक्रार! विचारावं, तर तक्रार गुप्त असते, बोर्ड आपणच रंगवलाय. ते आणखी आणखी नम्र झाले. सुई टोचण्याआधी माफी मागू लागले. तरी चिठ्ठ्या पडतच होत्या. पुढं पुढं त्यांचं जेवण तुटलं. दुपारचा डबा तसाच परत जायचा.

धुकं निवळता निवळता जीप आली. साहेब खाली उतरले. जाड चष्मा, गळ्याशी मफलर, हातात पेटीची किल्ली. ओटीवर पंचवीसतीस माणसं होती. साहेबांनी झाकण उघडलं, तशा चिठ्ठ्या भसकन पायांवर सांडल्या.

डॉक्टरांच्या खोलीत टेबलावर मोजणी झाली.

"एकसष्ट," साहेब म्हणाले. "डॉक्टर, आजवर मी बारा पेट्या उघडल्या. बारांत मिळून तक्रारी निघाल्या सात." चष्मा पुसून त्यांनी पहिली चिठ्ठी उचलली. "'आठ दिवस झाले, काहीच बाहेर पडत नाही.' काय बाहेर पडत नाही? औषधं? दाबून ठेवता काय?"

डॉक्टरांनी घाईनं औषधांचं कपाट उघडून दाखवलं.

"'आतून सगळं पोखरलंय.' अरे बापरे! हा तर फारच गंभीर आरोप. 'बसलं की उठवत नाही.' म्हणजे लोकांना बसवून ठेवता! 'फार जळजळ होते, कुणाला सांगायची सोय नाही.' 'दोन वर्षांपासून अंधार आहे, पुढचं काही दिसत नाही.'" साहेबांचा आवाज घोगरा झाला. "आणि सगळं एकाच अक्षरात. हे कुणाचं तरी कारस्थान आहे, नाहीतर तुम्ही तरी दोषी. काही असो, एकसष्ट म्हणजे मला बदलीची शिफारस करावीच लागेल."

दारात गरम पाण्याचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या गौराबाईनं 'बदली' ऐकलं आणि भांडं खुर्चीवर ठेवलं. सुदैवानं खुर्चीवर कुणी नव्हतं.

"सायेब, अक्षर माजं हाय."

"तुमचं? तुम्ही इथल्याच ना? मग डॉक्टरांवर एवढा राग?"

"राग कशाचा? पोखरलंय म्हंजे दाढ हो, सायेब! पेशंटची दाढ! बाहेर पडत नाय म्हंजे..." तिनं इकडंतिकडं बघितलं. "म्हंजे परसाकडंचं. तक्रार लिवा म्हनून बोर्डावर हाय, तर सगळ्यांनी आपापली तक्रार लिवली."

डॉक्टर खासनीसांनी हळूच टेबलाची कड धरली.

"हे तुम्ही म्हणता," साहेब म्हणाले. "पुरावा काय? हे कुणाकुणाचं आहे, नावं सांगा, लिहून घेतो."

गौराबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. एकसष्टच्या एकसष्ट नावं तिच्या जिभेवर होती. सांगितली असती तर डॉक्टर तिथंच सुटले असते. पण जळजळ कुणाची, कुठं होते आणि ते सांगताना ती बाई कशी रडली होती, हे ह्या मफलरवाल्या माणसाच्या वहीत उतरवायचं?

"नावं सांगता येत नाय, सायेब. गुप्त हाय. बोर्डावर लिवलंय."

"मग मला बदली लिहावी लागेल."

"लिवाल तुमी. पन नाव मी सांगनार नाय." आणि बोलता बोलता तिला चिमाचं पोर आठवलं, हातातली किल्ली आठवली. ती तशीच वळली, टेबलावरच्या चिठ्ठ्या पदरात भरल्या आणि ओटीवर गेली. साहेब वही घेऊन मागोमाग आले, त्यांच्यामागं डॉक्टर.

"ऐका रं! सायेब डाक्टरला न्यायला आलेत. हितं एकसष्ट दुकनी हायत. मी एकेक वाचनार. कुनाचं नाव घेनार नाय. ज्याला वाटंल त्यानं सोताहून उटावं. नाय वाटलं तर बसा, कुनाची जबरदस्ती नाय. आतून पोखरलंय!"

कुणी हललं नाही. मग कोपऱ्यातून गोमा उठला. गालाला हात लावून म्हणाला, "माजी. डाक्टरनं उपटली. ही बगा, खिशात हाय." त्यानं दाढ साहेबांच्या हातावर ठेवली. साहेबांनी ती लगेच परत केली.

"आठ दिस काय बाहेर पडत नाय!"

"माजं!" हे खणखणीत पुरुषी आवाजात आलं आणि सगळी ओटी हसली. "हसता काय? दुसऱ्याच दिशी पडलं!"

मग काही थांबेना. अंधारवाल्या म्हातारीच्या डोळ्याला कर्जतच्या शिबिराची तारीख मिळाली होती, ती कागद नाचवत आली. 'बसलं की उठवत नाय' यावर तर भांडण जुंपलं.

"ती माजी," बायजा म्हणाली.

"तुजी कशी? तुजं पोटाचं हाय, गावाला म्हायती!" भागूबाई म्हणाली. "गुडगे माजे!"

"मला काय गुडगे नायत?"

"हायत, पन तुजे उटतात. काल बांधावरनं कशी पळालीस!"

साहेबांनी ती दोघींच्या नावे अर्धी अर्धी लिहिली. जळजळीची चिठ्ठी गौराबाईनं वाचली आणि थांबली. कुणी उठलं नाही. तिनं ती घडी करून चोळीत खोवली आणि पुढची उचलली. साहेबांनी बघितलं. वहीत लिहिलं, 'एक तक्रार गुप्त, निवारण समाधानकारक.'

शेवटी शेवटी एक पोस्टकार्ड निघालं. 'भात झोडून झालं, मुंबईला राहिलेलं धोतर घेऊन ये.'

"हे कुठलं दुखणं?" साहेबांनी विचारलं.

"ते माजं," गोमा पुन्हा उठला. "पेटी लाल दिसली, म्हनून टाकलं. दीड म्हयना झाला. भाऊ आला नाय, तवाच वाटलं, कायतरी घोटाळा हाय."

साहेबांनी कार्ड कर्जतला टाकायचं म्हणून खिशात ठेवलं. मग राहिलेल्या दोन चिठ्ठ्यांपैकी एक स्वतः उघडली आणि त्यांचे डोळे चमकले. ही खरी तक्रार होती.

"'बाटली धू, बाटली धू करून डॉक्टर डोकं खातो. औषध न देता तीनदा परत धाडला. मी हक्काचा माणूस आहे.'"

गौराबाई आढ्याकडं बघू लागली. कोंडाजी बाकाच्या आपल्या टोकावर बसून रेघ न्याहाळत होता. रेघेपलीकडच्या सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. शेवटी तो उठला.

"माजी."

"मागे घेता का?"

"का घेऊ? हक्क हाय."

"मग डॉक्टरांची बदली हवी?"

"अजाबात नको! डाक्टर आमचा हाय."

"अहो, मग तक्रार कशाला?"

"तक्रार हाय म्हनून! बायकोबद्दल माजी चाळीस वरसं तक्रार हाय. म्हनून तिची बदली मागितली का मी कवा?"

साहेब गप्प झाले. त्यांनाही बायको असावी. मग म्हणाले, "बाटली दाखवा बघू." कोंडाजीनं ती कोटातून काढली. साहेबांनी बूच काढून हुंगलं, आणि त्यांना सात शिंका आल्या. त्या बाटलीत आधी रॉकेल होतं, मग करंजाचं तेल, आणि मधे कधीतरी, कोंडाजीच सांगत होता, दुसरंही काही. डोळे पुसत साहेबांनी लिहिलं, 'तक्रार हुंगून फेटाळली.' आणि कोंडाजीला म्हणाले, "हक्क तुमचा, बाटलीही तुमची. धुवायची कुणी, अलिबागनं?"

"मामलेदारापाशी अपील हाय का?" कोंडाजीनं विचारलं.

शेवटची चिठ्ठी साहेबांनी वाचली आणि डॉक्टरांपुढं केली. तेच अक्षर. 'डॉक्टर जेवत नाहीत. डबा तसाच जातो. त्यांना कोण तपासणार.'

डॉक्टर खासनीसांनी ती दोनदा वाचली. पुस्तकातलं काहीतरी म्हणायला ते तोंड उघडून उभे राहिले, पण निघालं एवढंच, "गौराबाई, भूक लागली."

"लागनारच! दोन म्हयने नाय जेवलाव!" ती ओरडली, आणि बायजाच्या टोपलीतल्या दोन भाकऱ्या तिनं बायजाला न विचारता काढल्या. वर वालाची उसळ.

साहेबही जेवले. जाताना जीपमध्ये बसून त्यांनी शेरा पुरा केला. एकसष्ट तक्रारी, साठांचे निवारण, एक फेटाळली, डॉक्टर आहेत तिथेच राहावेत. मग म्हणाले, "बाई, तक्रार म्हणजे गाऱ्हाणं हो! दुखणं नव्हे."

"मंग पेटीवर गाऱ्हानं असं लिवा की."

साहेबांनी विचार केला. कोकणातलेच होते ते; गाऱ्हाणं देवापुढं घालतात, हे त्यांना ठाऊक होतं. "नको," ते म्हणाले. "मग तुम्ही नारळ घेऊन याल."

जीप धूळ उडवत उतरली. डॉक्टर आत पेशंट बघायला बसले. "आपली तक..." त्यांनी सुरुवात केली आणि जीभ चावली. "काय दुकतंय?"

गौराबाईनं रिकामी पेटी लावली, खुर्चीवरचं गार झालेलं पाणी उचललं आणि कालच्या जखमांच्या पट्ट्या बादलीत घालून विहिरीकडं निघाली. ऊन चांगलं होतं. आता धुतल्या तर दुपारपर्यंत वाळल्या असत्या.